गोपालनं निवडलेलं सामान

प्रफुलला एवढंही कळत नव्हतं, की ज्या गाडीनं सख्खा भाऊ खाल्ला तिच्या बॉनेटवर बसून चहा प्यायचा नसतो. रोज सकाळी तो तेच करी. एका हातात कप, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि अंगठा असा चाले की जणू सुपातले खडे वेचतोय. गाडीची पुढची दोन्ही चाकं काढलेली, खाली विटा रचलेल्या, आणि हा वर पाय हलवत बसलेला. भावाचं वर्षश्राद्धही अजून व्हायचं होतं.

"उतर खाली," रुखमाबाई ओसरीवरून म्हणाली. "थे काय पिंपळाचा पार हाये?"

"माय, सामान पाहून राह्यलो मी गाडीचं. हे पाह्य, लाल बुश. कसा चमकते!"

"चमकते तं नाकात घाल."

प्रफुल हसला. त्याला वाटायचं, माय बोलते ते गमतीनंच बोलते. रुखमाबाई मात्र गमतीनं बोलत नव्हती. सावली गावात तिच्या तोंडाला लागायची हिंमत फारशी कुणात नव्हती. दुसरी झाल्यावर शाळा सुटली, सही अजून एकेक अक्षर जुळवून करायची, पण बाजारात तिला कुणी किडकं वांगं देऊन दाखवावं.

गाडी कॉन्टेसा होती. पांढरी, लांबलचक, पुढं नाक काढलेली. राजुऱ्याकडचा एक कोळशाचा कंत्राटदार बिऱ्हाड उचलून निघाला तेव्हा तिच्या नवऱ्यानं, देवाजीनं, त्याच्याकडून ती घेतली. देवाजीला आपल्या भावांचा भरवसा नव्हता, म्हणून गाडी कागदावर रुखमाबाईच्या नावानं केली. तेव्हापासून या धानपट्ट्यातल्या किती नवरदेवांनी त्या गाडीतून मिरवलं याचा कुणी हिशेब ठेवला नाही. नवीन गाड्या आल्या, आपोआप दारं उघडणाऱ्या आल्या, तरी वरातीचा व्हिडिओ काढायचा म्हटलं की लोक म्हणत, सावलीची लांबी गाडी सांगा. देवाजी गेल्यावर गोपाल चालवायचा. मोठा मुलगा. भाड्याची बोलणी, फोटो, फुलं, हे सगळं धाकट्या प्रफुलकडं.

मागच्या उन्हाळ्यात अहेरीला वरात होती. वऱ्हाड बसनं येणार होतं. गाडी सजवायची म्हणून गोपाल एकटाच पुढं निघाला. आष्टी ओलांडल्यावर, जंगलातल्या सरळ रस्त्यावर, भर उन्हात गाडी डावीकडं वळली आणि सागाच्या झाडात घुसली. आधी पोचले ते मोहफुलं वेचणारे लोक. त्यांनी सांगितलं, दार उघडलं तर दारूचा असा भपका आला की मागं सरकावं लागलं.

गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी. तिथं दारूचा वास लपत नाही. पोलिसांचा तपास आजही चालूच होता, पण गावाचा तपास दोन दिवसांत संपला. आणि तो संपवला प्रफुलनं. तेरवीला, याच अंगणात, पंगत बसलेली असताना तो म्हणाला, "भाऊ पेत होता. मी किती सांगतलं, ऐकलं नाई."

रुखमाबाईला दुसऱ्याच्या तोंडून काही ऐकून घ्यायची सवय नव्हती. लोकांनी पाठीमागं बोलण्याआधी आपणच तोंडावर बोलून टाकलेलं बरं, असं तिला वाटलं. जो भेटायला आला त्याला ती स्वतःच सांगायची, "हो, पिऊन गेला. मी त्याचं रडत नाई."

गोपालची बायको मंजुषा एकदाच बोलली. "त्यायनं पेली नव्हती. मी डबा देल्ला हातात. तोंडाजवळ तोंड होतं."

"बाईले आपला नवरा कधी पेलेला दिसते?" रुखमाबाई म्हणाली होती.

त्यानंतर मंजुषा सासूशी कामापुरतं बोलायची. मीठ संपलं. गाय आटली. वर्षश्राद्ध झालं की राजुऱ्याला भावाकडं जाणार, एवढं तिनं सांगून ठेवलं होतं. दारुड्याची बायको म्हणून या गावात तिला राहायचं नव्हतं, आणि तो दारुडा नव्हता हे सांगायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

आता नवा लग्नाचा हंगाम तोंडावर आला आणि प्रफुलला गाडी उभी करायची होती. गावातल्या दसरू मिस्त्रीनं पुढचा भाग खोलला. चाकांना गाडीशी धरून ठेवणाऱ्या, आता वाकलेल्या आर्म, स्प्रिंग, झटके झेलणारे शॉकप, चाक ज्या लोखंडी गोळ्यावर वळतं तो बॉल जॉइंट, सगळं त्यानं पोत्यात भरलं आणि ओसरीला टेकवून ठेवलं.

"बाई, सारं नवंच लागन," दसरू म्हणाला. "अन् कॉन्टेसाचं सामान कुठीबी भेटत नाई. चंद्रपूरले एकच दुकान. बाप गेल्यावर पोरगी बसते, पुनम. नमुना घेऊन जा म्हणजे चुकी होत नाई."

"थे दुकान बंद झालं," प्रफुल पटकन म्हणाला. "मी मोबाईलवर मागवतो. घरपोच येते."

"बंद कायचं? परवा तं मी जीपचा पाटा आणला तिथून."

"मंग असन चालू. पण जायची काय गरज? फोटो हाये ना सारे."

रुखमाबाईनं प्रफुलकडं पाहिलं. जो माणूस एक लिंबू आणायला मोटरसायकल काढतो, त्याला आज चंद्रपूर दूर वाटत होतं.

"फोटो पाहून मी वांगं घेत नाई," ती म्हणाली. "या गाडीत उद्या कोणाचा तरी लेक बसन, कोणाची तरी सून बसन. गाडी माझ्या नावाची. सामान मी निवडीन. उचल पोतं."

"माय, तुले काय समजते त्यातलं?"

"तुले समजत होतं तं हे मोडक्या सामानाचं पोतं काऊन भरलं असतं?"

बसमध्ये प्रफुल खिडकीकडं तोंड करून बसला. मूल गाव मागं गेलं, शेतं संपली, डावीकडं जंगलाची कड लागली, तरी त्याचं तोंड इकडं झालं नाही. पोतं त्याच्या पायाशी खणखणत होतं. चंद्रपूरला उतरल्यावर त्यानं दुपट्टा तोंडाला गुंडाळला. धूळ फार आहे म्हणे. दुकानाजवळ आल्यावर म्हणाला, "तू हो पुढं, मी पानठेल्यावर उभा राह्यतो."

"पोतं काय मी उचलू? चाल."

दुकान म्हणजे एक लांबट बोळ होता. दोन्ही बाजूंनी छतापर्यंत खोकी, मधे ग्रीसचा वास, आणि टोकाला काउंटरमागं पस्तिशीची एक बाई, केसांत पेन खोचलेलं. तिनं पोतं उपडं करायला लावलं. एकेक तुकडा उचलून ती चिंधीनं पुसत गेली.

"अरे बापा," पुनम म्हणाली. "मावशी, हे पाहा." तिनं एक काळा रबरी गट्टू पुढं धरला. आर्म जिथं गाडीला जोडतात तिथं बसणारा बुश. तो फुगून दुप्पट झाला होता आणि बोटानं दाबला तर गुळासारखा खचत होता. "याले तेल कोणी पाजलं?"

रुखमाबाईनं तो नाकाशी नेला. वास ओळखायला वेळ लागला नाही. टोरीचं तेल. मोहाच्या बियांचं, तिच्याच रांजणातलं.

"मी लावत होतो," प्रफुल दुपट्ट्याआडून म्हणाला. "कुरकुर करे समोरून. बैलबंडीच्या आसाले नाई लावत का आपण? तसंच."

"बंडीचा आस लाकडाचा अन् लोखंडाचा, भाऊ," पुनम म्हणाली. "रबर तेल पेते अन् सडते. हे जॉइंटवरचं रबरी टोपणबी पाहा, फाटलं. मंग आत धूळ गेली. धुळीनं गोळा खाल्ला. दर हप्त्याले पाजलं असन?"

प्रफुलनं दुपट्टा आणखी वर ओढला. रुखमाबाई मनातल्या मनात त्याला दोन शिव्या देऊन मोकळी झाली. अडाणीपणा. तो घरात सगळ्यांकडंच होता, तिच्याकडंही होता. बंडीला तेल लावायला तिनंच त्याला शिकवलं होतं.

पुनमनं डावी आर्म उचलली, उलटीपालटी केली आणि थांबली. "ही सावलीची गाडी ना? पांढरी? गोपालभाऊची?"

"माय, बस चुकन," प्रफुल म्हणाला.

"चुकू दे." रुखमाबाईनं काउंटरवर हात टेकले. "तू वळखते गोपालले?"

"आता वळखणार नाई का? माझा आख्खा दिवस खाल्ला त्यायनं." पुनम हसली. "मागच्या उन्हाळ्यात आले होते. समोरून ठकठक आवाज येते म्हणे. माझ्या माणसानं खाली घुसून पाह्यलं. भाऊ, जॉइंट चालला, गाडी काढू नका. तं म्हणे, काढतच नाई, सामान दाखव."

रुखमाबाईच्या तोंडाशी शब्द आला होता. तो गेला, असं सांगायचं होतं. तिनं तो गिळला. अकरा महिन्यांत गोपालचं नाव काढून हसणारं माणूस तिला पहिल्यांदा भेटलं होतं. अजून ऐकायचं होतं.

"काय दाखवलं त्याले?"

"सारंच. थांबा, दाखवते." पुनमनं काउंटरवर तीन तऱ्हेचे बुश मांडले. एक लाल, प्लास्टिकसारखा, कडक आणि चकाकता. एक काळा रबरी. तिसराही काळाच, पण हलका.

रुखमाबाईनं तिन्ही नखानं दाबून पाहिले आणि लाल उचलला. "हा. घट्ट हाये. मजबूत असन."

"मावशी, तुमच्या हिशेबानं तं दगडाचा बुश सगळ्यात चांगला!" पुनम खळखळून हसली. दुसऱ्या कुणी तसं हसलं असतं तर रुखमाबाईनं दुकान डोक्यावर घेतलं असतं. आज तिनं बुश मुकाट्यानं खाली ठेवला. "मीबी त्यायले लालच देऊन राह्यली होती. गोपालभाऊ म्हणे, ताई, हा तुमच्या नागपूरच्या रस्त्याले ठीक. आमच्या आष्टी-अहेरीच्या रस्त्यानं खनिजाचे ट्रक चालते, रस्ता नाई ऱ्हायला, नांगरलेलं वावर हाये. हा सारा झटका तसाच आत देईन. नवरदेवाच्या आधी माझ्या कंबरेचं लग्न लागन."

असंच बोलायचा तो. रुखमाबाईला आवाजसुद्धा ऐकू आला.

"मंग हा घेतला," पुनमनं जड काळा बुश वेगळा केला. "दोन्ही हातावर तोलून पाह्यले. हलका नको म्हणे, यात रबर कमी, भुकटी जास्त."

"अन् थो गोळा? जॉइंट?"

"त्याचं तं भांडणच झालं आमचं." पुनमनं वरच्या फळीवरून एक पिवळं पडलेलं खोकं काढलं. "हा कंपनीचा जुना माल, माझ्या बापानं जपून ठेवलेला. असा आता भेटत नाई. लोक हैद्राबादेहून फोन करते याच्यासाठी. भाऊनं खोकं उघडलं, टोपण वाकवलं, बारीक चिरा दाखवल्या. म्हणे, ताई, तुझ्या बाबांनी जपला खरा, पण गोधडी कितीही जपली अन् उंदरानं खाल्ली तं काय पांघरू? मले राग आला. पण खरं होतं. ठेवून ठेवूनबी रबर मरते. मंग त्यायनं हा घेतला." तिनं नवा जॉइंट पुढं केला. खाली एक छोटी चोच होती. "यातून ग्रीस भरता येते. दर हप्त्याले मी सोता भरीन म्हणे, मिस्त्रीच्या भरवशावर ठेवणार नाई."

"अन् हे?" रुखमाबाईनं कोपऱ्यातल्या स्प्रिंगकडं बोट केलं.

"स्प्रिंग पुऱ्या उंचीची. आजकाल पोट्टे स्प्रिंग कापून मागते, गाडीचं नाक खाली दिसाले पाह्यजे म्हणून. भाऊ म्हणे, माझा धाकटा भाऊबी तेच म्हणन, त्याले देशील नोको. फोटोसाठी थो गाडीचे कानबी टोचन."

ती हसली. रुखमाबाईही हसली असती, पण तिची नजर प्रफुलच्या दुपट्ट्यावर गेली. कापड तोंडापाशी ओलं झालं होतं, श्वासानं आत-बाहेर होत होतं.

पुनमचंही हसू थांबलं. ती काउंटरवरच्या जुन्या तुकड्यांकडं पाहत होती, मग नव्यांकडं.

"पण मावशी, एवढं सारं निवडून, पैसे भरून गेले, मी थैलीत बांधून ठेवलं. मंग हे सारं जुनंच कसं? थे तं लागलंच नाई." तिनं वर पाहिलं. "भाऊ म्हणे होते, मी सासऱ्याच्या इकडे चाललो, धाकटा येऊन घेऊन जाईन. अन् थो आला होता. तुम्हीच ना, भाऊ? दुपट्टा काढा बरं."

प्रफुलनं काढला नाही.

"तुम्हीच. तुमची हे अंगठी हाये ना ध्यानात. तुम्ही म्हणले, भाऊचा विचार बदलला, आतलं सामान पुढच्या खेपेले नेऊ. अन् त्याच पैशात ते रुंद चाकं नेले, चमकणारे, अन् समोरचे लाईट. मी म्हणलंबी, भाऊ, जॉइंट खराब हाये अन् रुंद चाकानं जोर वाढन. तुम्ही म्हणले, आतलं कोण पाहते?"

दुकानाबाहेरून एक ट्रक गेला. खोक्यांवरची धूळ हलली.

रुखमाबाईला ती सकाळ आठवली. आठवायची गरज नव्हती, ती कुठं गेलीच नव्हती. गोपाल सासुरवाडीहून रात्री उशिरा आला होता आणि लगेच सकाळी निघायचं होतं. अंगणात गाडी नव्या चाकांवर उभी. त्यानं चाकाला पायानं टिचकी मारल्यासारखं केलं आणि विचारलं, "हे काय रे सोंग? आतलं झालं ना पण?" ती स्वतः चहा ओतत होती. प्रफुल म्हणाला, "झालं, भाऊ. सारं झालं." गोपालनं चहा प्यायला, मंजुषाच्या हातून डबा घेतला आणि गेला.

"या खेपेले गोपालभाऊ काऊन नाई आले?" पुनमनं हळूच विचारलं.

"गेला," रुखमाबाई म्हणाली. "याच्यानंच." तिनं फुटलेला जॉइंट काउंटरवर सरकवला.

पुनमनं तोंडावर हात ठेवला. तिनं काहीतरी म्हटलं, रुखमाबाईला ते ऐकू आलं नाही.

"त्यानं बांधून ठेवलेलं थे सामान दे."

"थे नाई ऱ्हायलं, मावशी. किती दिवस ठेवलं, कोणी आलं नाई. अहेरीचा एक जण घेऊन गेला."

"मंग तू सांगतलं तसंच काढ. जड बुश. चोचीचा गोळा. पुरी स्प्रिंग. त्यानं जसं दाबून पाह्यलं तसं मले एकेक दाबून पाह्यू दे."

तिनं पाहिलं. घाई केली नाही. प्रत्येक टोपण वाकवलं, चिरा शोधल्या, एक जॉइंट परत केला, दुसरा मागितला. पुनमनं हुज्जत घातली नाही. प्रफुल दाराशी उभा होता, ना आत ना बाहेर.

बसस्टँडवरच्या बाकावर तिनं नव्या सामानाची थैली मांडीवर घेतली. जड होती, मांड्या दुखत होत्या. प्रफुलनं घ्यायला हात पुढं केला तो तिनं झटकला.

"गोपालनं पेली नव्हती, तं दारू कोणी ठेवली गाडीत?"

"कोणती दारू?"

"वास आला थे."

प्रफुल चपलेच्या टोकानं जमीन कोरत राहिला. मग म्हणाला, "नवरदेवाच्या बापानं सांगतलं. तिकडे भेटत नाई ना. मागच्या सीटखाली बाटल्यांचं खोकं ठेवलं मी, थे फुटलं. भाऊले माहीत नव्हतं. माहीत असतं तं त्यानं नेलं नसतं."

"म्हणजे वास कायचा हाये हे तुले पह्यल्या दिवसापासून माहीत होतं."

"माय, मी काय मुद्दाम केलं? मले वाटलं एक खेप जाईन. एकच खेप. मंग हंगाम संपला का लावून टाकू."

"मी थे नाई विचारून राह्यली. दारूचं काऊन सांगतलं?"

तो रडायला लागला. बाजूच्या बाकावरचा एक म्हातारा सरकून बसला. "दारूचं नसतं म्हणलं तं लोकायनं गाडीचं विचारलं असतं," प्रफुल म्हणाला. "गाडीचं विचारलं असतं तं माझं नाव आलं असतं. भाऊ तं गेलाच होता, माय. त्याले काय फरक पडते?"

रुखमाबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. बस लागली तशी ती उठली, थैली कमरेवर घेतली आणि चढली.

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. दसरू मिस्त्री सामानाची वाट पाहत अंगणात बसला होता. शेजारची सोमारी कुंपणापलीकडं गोवऱ्या उचलत होती. रुखमाबाईनं थैली गाडीसमोर ठेवली आणि हाक मारली, "मंजुषा, बाहेर ये. सोमारी, तूबी ये, मागाहून कान लावण्यापेक्षा इथी येऊन आयक. दसरू, उठशील नोको."

मंजुषा दारात आली. हाताला पीठ होतं.

"सांग," रुखमाबाई प्रफुलला म्हणाली. "तेरवीले जिथी उभा होता तिथी उभा राह्य, अन् सांग."

"माय, घरात सांगतो. वैनीले सांगतो, पाया पडतो."

"घरात नाई. त्या दिवशी घरात सांगतलं होतं काय?"

त्यानं सांगितलं. तुकड्यातुकड्यांनी, मधे नाक पुसत. चाकांचं सांगितलं, 'झालं' म्हणालो ते सांगितलं, खोक्याचं सांगितलं. दसरूनं मान खाली घातली. सोमारी "अगं माय" म्हणून तिथंच बसली. मंजुषा दाराला धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. पिठाचा हात चौकटीवर तसाच राहिला.

प्रफुल संपला तेव्हा ती रुखमाबाईकडं पाहून म्हणाली, "मी सांगतलं होतं."

"हो," रुखमाबाई म्हणाली.

"तुम्ही आयकलं नाई."

"नाई आयकलं."

मंजुषा आणखी काही म्हणेल असं सगळ्यांना वाटलं. ती म्हणाली, "चुलीवर भात हाये," आणि आत गेली. राजुऱ्याला जाणार की राहणार, हे विचारायला रुखमाबाईची जीभ उचलली नाही.

प्रफुल पुढं आला आणि आईच्या पायांशी वाकला. तिनं पाय मागं घेतले.

"वाकू नोको. उभा राहून आयक. तेल लावलं थे तुले समजत नव्हतं, त्याचं मी काई म्हणत नाई. चाकं आणले, थे तुझं शौकीनपण. गोपाल वाचला असता तं तुझ्या दोन थोबाडीत देऊन त्यानंच तुले ताटावर बसवलं असतं. पण भाऊ मेल्यावर त्याच्या तोंडात दारू ओतली, थे तू पुऱ्या शुद्धीत केलं. म्हणून आयक. ज्या घरी, ज्या पानठेल्यावर, ज्या पंगतीत तू म्हणला का गोपाल पिऊन मेला, तिथी उद्यापासून जा अन् सांग, मी खोटं बोललो म्हणून मेला. गाडी दसरू जोडन, मंजुषा म्हणन तसं गाडीचं होईन, तुझा हात गाडीले लागणार नाई. तू घरात राह्य, जेव, मी तुले उपाशी ठेवणार नाई. पण मी मेली का माझ्या तिरडीले खांदा द्याले येशील नाई. मडकं मंजुषा धरन. तिनं नाई धरलं तं दसरू धरन. तू गावातल्या लोकायसंगं मागून चाल."